मदत हवी आहे: फायरप्लेसच्या जुन्या विटांच्या भिंतीला रंग, चुना की टाइल?

उंबरठा:
बैठकीच्या खोलीत फायरप्लेसची भिंत जमिनीपासून छतापर्यंत उघड्या विटांची आहे. रुंदी १.८ मीटर, उंची २.४ मीटर. चुलीचं तोंड ९० सेंमी रुंद, ७५ सेंमी उंच. चूल लाकडाची, थंडीत रोज पेटते. विटा गडद तांबड्या, त्यामुळे खोली अंधारी वाटते. तोंडाच्या वर काजळीचा काळा पट्टा आहे. उजवीकडे खाली पांढरी पूड सुटते, तिथल्या चार-पाच ओळींच्या दरजा (विटांमधल्या मसाल्याच्या सांधी) बोटाने उकरल्या तरी निघतात. भिंतीला पूर्वी रंग दिलेला नाही.
तीन पर्याय डोक्यात आहेत: सरळ पांढरा रंग, चुन्याचा हात (पातळ थर), किंवा वरून टाइल. यातलं काय टिकेल आणि कामाचा क्रम काय ठेवावा?

चुनखडी:
रंग निवडायच्या आधी ती पांढरी पूड बघा. तो लोणा आहे. विटेतून पाणी बाहेर येतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. वरून रंग दिला तर क्षार रंगाच्या मागे जमतात आणि रंगाचे पोपडे काढतात, कधीकधी विटेच्या सालीसकट. पूड पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जाते. कोरड्या कडक ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूमने उचला. आम्लाने तर मुळीच धुऊ नका, दरजांमधला चुनाच खाल्ला जातो.
मग दोन चाचण्या करा. पहिली, भिंतीवर आठ-दहा ठिकाणी पाण्याचा थेंब लावा. मिनिटभरात शोषला गेला तर वीट उघडी आहे. थेंब तसाच राहिला तर कधीतरी सीलर (विटेची छिद्रं बंद करणारा थर) किंवा वार्निश मारलेलं आहे. दुसरी, पांढऱ्या पुडीच्या जागी ५० सेंमी चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ४८ तास ठेवा. दव प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आलं तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला आलं तर ती खोलीतल्या हवेची. निकाल कळवा, पुढचं त्यावर ठरेल.

विटकरी:
काजळीबद्दल लिहितो, कारण कोणताही पर्याय घेतला तरी ती काढावीच लागते. काजळी तेलकट असते. ती तशीच ठेवून पाण्याचा रंग किंवा चुना लावला की काही आठवड्यांत पिवळे-तपकिरी डाग वर येतात.
आधी कोरडं काम करा: मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. मग भिंत साध्या पाण्याने नीट भिजवा. वीट आधीच पाणी प्यायलेली असली की काजळीचं पाणी आत ओढत नाही. त्यानंतर ४ लिटर गरम पाण्यात १२० मिली ट्रायसोडियम फॉस्फेट (तेलकटपणा काढणारी पूड) विरघळवून नायलॉनच्या ब्रशने घासा, खालून वर. वरून खाली घासलं तर कोरड्या विटांवर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा जात नाहीत. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. तारेचा ब्रश टाळा, त्याचे कण दरजात अडकून पुढे गंजतात.
एवढ्यावर डाग राहिला तर त्याच द्रावणात टाल्कची पूड कालवून दाट लेप करा आणि ५ मिमी जाड थापा. वाळताना तो विटेतली काजळी स्वतःत ओढतो. वाळला की लाकडी पट्टीने खरवडा, गरज पडल्यास पुन्हा लावा. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, साबणासारखा बुळबुळीतपणा राहिला तर पुढचा कुठलाच थर धरत नाही.
ग्राइंडर किंवा वाळूचा मारा करून काजळी काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. विटेची भाजलेली साल गेली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो.

उंबरठा:
दोन्ही चाचण्या झाल्या. थेंब सगळीकडे शोषला जातो, फक्त तोंडाच्या वर साधारण ३० सेंमीच्या पट्ट्यात तो तसाच राहतो. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला स्पष्ट दव आहे.

चुनखडी:
म्हणजे आतून पाणी येतंय. अशा भिंतीला अॅक्रिलिक रंग किंवा टाइल दोन्ही आत्ता नको. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथली पत्र्याची पट्टी उचलली गेली आहे का, धुराड्याच्या माथ्यावरच्या सिमेंटच्या थराला भेगा आहेत का, टोपी जागेवर आहे का, हे आधी बघून घ्या. ओल खालच्या कोपऱ्यातच असल्याने भिंतीच्या बाहेरच्या बाजूला माती किंवा फरशी किती उंचीपर्यंत आली आहे तेही पाहा. दुरुस्ती झाल्यावर प्लास्टिक पुन्हा लावा. दव बंद झालं की मगच पुढे.
दरजा: छिन्नीने २० ते २५ मिमी खोल मोकळ्या करा, म्हणजे १० मिमीच्या दरजेला रुंदीच्या दुपटीहून जरा जास्तच. वरवर भरलेला मसाला पापडीसारखा सुटतो. भुगा झाडा, पाणी शिंपडा, आणि १ भाग विरवलेला (पाण्यात मुरवलेला) चुना व ३ भाग चाळलेली धारदार (टोकदार कणांची) वाळू असा मसाला ८-१० मिमीच्या थरांत दाबून भरा. आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवा. चुन्याचं काम जमत नसेल तर सिमेंट १, चुना २, वाळू ९ हे प्रमाण चालेल. नुसत्या सिमेंट-वाळूचा कडक मसाला जुन्या मऊ विटेत घालू नका. दरज विटेपेक्षा कडक झाली की ताण आणि ओल दोन्ही विटेवर येतात आणि विटेचा चेहरा फुटतो.
या भिंतीला माझं मत चुन्याच्या बाजूने आहे. चुना विटेला श्वास घेऊ देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन विटेवरच दगड बनतो, फिल्मसारखा सुटत नाही. पण तोंडावरचा ३० सेंमीचा पट्टा आधी विटेला चालणाऱ्या, सीलर काढणाऱ्या रिमूव्हरने उघडा करावा लागेल. थेंब शोषला जाईपर्यंत. सीलरवर चुना पावडर होऊन हाताला लागतो.

थापी:
चुन्याची कृती. चौरस मोजा: भिंत ४.३२ चौमी, तोंड वजा जाता ३.६५ चौमी. चार पातळ हातांना साधारण ३ लिटर पुरतं. १ लिटर मुरवलेल्या चुन्याची लापशी, २ लिटर पाणी, बारीक जाळीतून गाळून. दाटपणा दुधाइतका, त्याहून जाड नको. जाड हात वाळताना तडकतो आणि झडतो, लोक नेमके इथेच चुकतात, कारण ओला चुना पारदर्शक दिसतो आणि अजून घालावासा वाटतो. तो वाळल्यावर पांढरा होतो, धीर धरा.
भिंत दमट करा, पाणी ओघळायला नको. कुंचल्याने आधी दरजा, मग विटा. दोन हातांमध्ये २४ तास. मिश्रण सतत ढवळा, चुना तळाशी बसतो. विटांचा तांबडा रंग थोडा दिसायला हवा असेल तर दुसऱ्या हातानंतर ओल्या फडक्याने काही विटांचे माथे पुसा. पहिल्या काही दिवसांत चुना पाण्याने उतरतो, नंतर नाही. उबदार छटा हवी असेल तर लोहाच्या ऑक्साइडचे रंग वापरा, चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत. बाकीचे बरेच रंग चुन्याच्या क्षाराने उडतात. आणि डोळ्यांवर चष्मा, चुना डोळ्यात गेला तर इजा होते.
अॅक्रिलिकचा हिशेब इतरांसाठी: सपाट भिंतीला लिटरमागे १० चौमी धरतात, खडबडीत विटांना ६ धरा. डाग अडवणारं अस्तर १ लिटर, रंगाचे दोन हात मिळून दीड लिटर. फक्त कोरड्या, लोणा नसलेल्या भिंतीवर. आणि एकदा दिलेला रंग विटेच्या छिद्रांतून पूर्ण निघत नाही, हे धरूनच द्या.

ओळंबा:
टाइल पुढेमागे लावायची ठरली तर मोजमापाकडे लक्ष द्या. टाइल आणि मसाला मिळून १५-२० मिमी भिंत पुढे येते, तेवढी चुलीपुढची फरशी आखूड होते. या तोंडाला पुढे किमान ५१० मिमी आणि दोन्ही बाजूंना ३०५ मिमी न जळणारी फरशी असावी. टाइल चिकटवायचा डब्यातला तयार लगदा वापरू नका, उष्णतेने मऊ पडतो. पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला घ्या. मागे जिप्सम बोर्ड नको. टाइल छताला आणि बाजूच्या भिंतीला भिडते तिथे ६ मिमी फट ठेवून उष्णता सहन करणारं सिलिकॉन भरा.
तोंडाच्या वर लाकडी फळी बसवणार असाल तर तोंडापासून १५० मिमीच्या आत लाकूड मुळीच नको. ३०० मिमीपर्यंत दर २५ मिमी अंतरामागे ३ मिमीच बाहेर यायला हवं, म्हणजे २५० मिमीवरची फळी जेमतेम ३० मिमी. हाताला हवी असते तशी १८० मिमी रुंद फळी ३०० मिमीच्या वरच बसवा. स्थानिक नियम याहून कडक असेल तर तो धरा.

उंबरठा:
चुन्याचंच ठरवलं. चुलीच्या आतल्या भट्टीच्या विटांनाही तोच हात द्यावा का? आणि पहिली आग कधी पेटवायची?

थापी:
आत चुना नको, ज्वाळेने तो फुटून निखाऱ्यात पडतो. आतल्या विटा नुसत्या ब्रशने साफ करा. काळाच रंग हवा असेल तर ६५० अंश सेल्सिअस सहन करणारा, डब्यावर तसं लिहिलेला रंग घ्या. आतली एखादी दरज गेली असेल तर साधा मसाला नाही, उष्णता सहन करणारा भट्टीचा मसाला, आणि दरज ६ मिमीपेक्षा रुंद नको.
शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस आग नको. दरजा चुन्याने भरल्या असतील तर महिनाभर थांबा, मग पहिले तीन-चार दिवस बारीक काटक्यांची छोटी आग, अर्ध्या तासाच्या वर नाही. दरजेत राहिलेलं पाणी एकदम वाफ झालं तर मसाला आतून उचलतो आणि तडा थेट चुन्याच्या हातावर उमटतो.