आग डिग्रीनं विझत नाही म्हणे!

धरमपेठकर: काल इथं एकानं लिहिलं, 'फायर इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवण्यापेक्षा सहा महिन्यांचा फायरमन कोर्स करा, आग डिग्रीनं विझत नाही.' खाली नुसत्या टाळ्या. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ साली रामपूरहून नागपुरात आलं. देशभरातले अधिकारी इथं शिकून जातात, आणि नागपूरकरांनीच असं म्हणावं? गाडी जाते ती आग लागल्यावर. त्याआधी जिना किती रुंद हवा, धूर कुठून बाहेर पडणार, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, हे कोण पाहणार? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. अशा ठिकाणी बचाव आधीच्या तपासणीतच असतो, आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

पंपवाले काका: काहून एवढे तापता भाऊ? ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागं घेत नाही. उभी नोकरी गाडीवर काढली. एकदा गोदामाला आग लागली. शटर बंद, ज्वाळा कुठंच नाही. नवे डिग्रीवाले साहेब म्हणाले, शटर तोडा. आमच्या लीडिंग फायरमननं, म्हणजे गाडीवरच्या पोरांच्या म्होरक्यानं, हाताची मागची बाजू पत्र्याला लावली आणि खालच्या फटीकडं बोट दाखवलं. धूर बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात होता. 'साहेब, आधी वरचे पत्रे काढू.' शटर तोडलं असतं तर आतला भडका आमच्या तोंडावर आला असता. तो माणूस दहावी पास होता.

फायर बीई: काका, कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळून उडणाऱ्या त्या भडक्याला बॅकड्राफ्ट म्हणतात आणि तो आम्हाला शिकवतात. तुमच्या साहेबांना आठवला नाही, तो त्यांचा दोष, डिग्रीचा नाही. आम्ही काय पंख्याखाली बसून शिकतो? पहाटे पीटी, परेड, हूक लॅडरवरून चढ-उतर, तीही नागपूरच्या उन्हात. मे महिन्यात विहिरी खोल जातात. साडेसात-आठ मीटरच्या खालचं पाणी गाडीच्या पंपाच्या सक्शननं, म्हणजे ओढून, वर चढत नाही, कारण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. हे माहीत नसलेला ऑपरेटर नुसता थ्रॉटल वाढवत बसतो आणि तिकडं घर जळतं.

पंपवाले काका: पंप शिकवतो का मला? पंपात येणारं पाणी तुटलं की त्याचा आवाज बदलतो. तो ऐकायला कान लागतात, पुस्तक नाही.

काटोलची ताई: तुम्ही दोघं भांडून राहिले, पण आमच्यासारख्यांचं काय? माझ्या भावानं एका खासगी संस्थेत वर्षाचा 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोमा केला. संत्र्याच्या बहाराचे सगळे पैसे फीत गेले. सरकारी नोकरी पक्की असं तोंडी सांगितलं होतं. महापालिकेची जाहिरात आली तेव्हा कळलं, दहावी आणि राज्याच्या अग्निशमन केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स पाहिजे. याचं प्रमाणपत्र खिडकीवरूनच परत.

बर्डीचा विक्की: ताई, जाहिरात आधी वाचायची ना. चौकाचौकात असे बोर्ड लागले आहेत, पैसे भरायच्या आधी चौकशी नको?

काटोलची ताई: कोणाकडं करायची चौकशी? घरातला पहिला पोरगा बारावीच्या पुढं गेला. युनिफॉर्म घातलेले फोटो, हेल्मेट, मागं लाल गाडी. तुम्ही शहरात राहून शहाणपण शिकवता, लाज वाटू द्या.

फायर बीई: ताईंचं बरोबर आहे. कारखान्यातही हेच होतं. सेफ्टी ऑफिसरला पदवी किंवा पदविका, कामाचा अनुभव आणि वर तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा मागतात. बारावीवर कोणी 'सेफ्टी ऑफिसर बना' म्हणालं तर उठून यायचं.

बर्डीचा विक्की: ठीक आहे, माझं बोलणं लागलं असेल. पण पोट्टे अजूनही फोटो पाहूनच पैसे भरून राहिले, हे खोटं आहे का?

धरमपेठकर: म्हणूनच खरं कॉलेज आणि दुकान यातला फरक सांगायला हवा. 'शिक्षण वाया' म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात जातात आणि दुकानवाल्याचंच फावतं.

पंपवाले काका: हे तेवढं मान्य. नकाशे तपासायला शिकलेला माणूस पाहिजे, तेही मान्य. पण साहेबानं पहिलं वर्ष गाडीवर काढावं. रात्री दोनला बेल वाजल्यावर आमच्यासोबत धावावं, मग हुकूम द्यावा.

फायर बीई: काढू, आनंदानं काढू. मग गाडीवरच्या माणसालाही साहेब व्हायच्या सब-ऑफिसर कोर्सला पाठवा. शटरवर हात लावणारा तो माणूस साहेब का झाला नाही?

पंपवाले काका: अर्ज दिला होता त्यानं. पाळीला माणसं कमी म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या वेळी पण नाही. लीडिंग फायरमन म्हणूनच रिटायर झाला.