मदत हवी आहे: विरघळणाऱ्या मॅग्नेशियम स्क्रूच्या चाचण्यांत तीन विभागांचे आकडे जुळत नाहीत

सुरसागरकाठ:

नमस्कार. मी बडोद्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्राच्या विभागात पीएच.डी. करते आहे. मोडलेले हाड जुळेपर्यंत टिकेल आणि नंतर शरीरात आपोआप विरघळून जाईल असा स्क्रू मॅग्नेशियम, जस्त आणि कॅल्शियम यांच्या मिश्रधातूपासून करता येईल का, हा माझा विषय आहे. मुख्य मार्गदर्शक धातुशास्त्राचे आहेत, सहमार्गदर्शक रसायनशास्त्राच्या आहेत आणि सल्लागार म्हणून एक अस्थिशल्यचिकित्सक आहेत. नंदेसरीपासून अलेंबिकपर्यंत रसायनांच्या कारखान्यांनी वेढलेल्या या शहरात रसायने मिळवण्याची अडचण कधीच आली नाही. अडचण आहे ती या तिघांना एकाच आकड्यावर आणण्याची.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. पोलादाची ताठरता सुमारे २०० गिगापास्कल, टायटेनियमची ११० च्या आसपास आणि हाडाच्या बाहेरच्या कठीण थराची साधारण १० ते ३० असते. त्यामुळे पोलादी पट्टी बसवली की भार तीच उचलते आणि तिच्याखालचे हाड कामाविना कमकुवत होत जाते. मॅग्नेशियमची ताठरता सुमारे ४५ गिगापास्कल आहे. शिवाय ते पाण्याशी अभिक्रिया करून विरघळत असल्यामुळे स्क्रू काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. ही कल्पना नवी मुळीच नाही. बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बिन लांबोत यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच पायाच्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकल्यामुळे विद्युत्‌रासायनिक घट तयार झाला, पट्टी अवघ्या आठ दिवसांत विरघळली आणि कातडीखाली हायड्रोजन वायू साठला. माझ्या मते या क्षेत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने ही घटना पहिल्या आठवड्यातच वाचावी, कारण शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रसायनशास्त्राने घात केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही.

आता माझा प्रश्न. क्षरणाचा, म्हणजे धातू झिजून विरघळण्याचा दर मी तीन पद्धतींनी मोजला. पहिल्या पद्धतीत विद्युत्‌दाब बदलला की प्रवाह कसा बदलतो हे दाखवणाऱ्या ध्रुवीकरणाच्या वक्रावरून म्हणजे टाफेल आलेखावरून दर काढला, दुसऱ्या पद्धतीत सॅम्पल द्रावणात बुडवून त्याचे घटलेले वजन घेतले आणि तिसऱ्या पद्धतीत उलटे नरसाळे व ब्युरेट वापरून सुटलेला हायड्रोजन गोळा केला. टाफेलचा आकडा सर्वांत लहान येतो, वजनाचा सर्वांत मोठा येतो आणि हायड्रोजनचा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहतो. द्रावण म्हणून कोकुबो यांचे कृत्रिम शरीरद्रव वापरले असून त्यात सामू स्थिर ठेवणारे ट्रिस बफर आहे.

पेशींवरील चाचणीचे कोडे याहून अवघड आहे. हाडाच्या पेशींवर एमटीटी चाचणी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणारी चाचणी केली, तर मिश्रधातूच्या सान्निध्यातील पेशी नुसत्या पोषक माध्यमातील पेशींपेक्षाही अधिक जिवंत असल्याचे दिसते, म्हणजे टक्केवारी शंभराच्या वर जाते. मॅग्नेशियम पेशींना पोषक आहे असे लिहून टाकावे, हे मार्गदर्शकांचे मत. सहमार्गदर्शकांना मात्र या आकड्यावर अजिबात विश्वास नाही. डॉक्टरसाहेबांना या दोन्ही वादांत रस नाही. ते प्रत्येक बैठकीत एकच विचारतात, की स्क्रू किती आठवडे हाड धरून ठेवील. या प्रश्नाला माझ्या एकाही आलेखात उत्तर नाही.

सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश सादर करायची वेळ जवळ आली आहे आणि परीक्षक तिन्ही शाखांचे असण्याची शक्यता आहे. क्षरणाचा कोणता आकडा मुख्य धरावा, एमटीटीच्या निकालाचे काय करावे आणि डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या चाचणीतून मिळेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट:

तुमचे तीन आकडे जुळत नाहीत यात नवल नाही, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. टाफेलचा आकडा त्या काही मिनिटांतला असतो आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत तो बहुधा कमीच येतो. धन ध्रुवीकरण वाढवले की या धातूवर हायड्रोजन कमी न होता उलट वाढतो, त्यामुळे धन बाजूची रेषा मागे वाढवून दर काढण्याचा आधारच डळमळीत होतो. वजनातील घट म्हणजे संपूर्ण कालावधीची सरासरी. हायड्रोजनचा हिशेब सोपा आहे: एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम विरघळले की सुमारे एक मिलिलिटर वायू सुटतो. त्यातला काही भाग द्रावणात विरघळतो आणि काही प्लॅस्टिकच्या नळ्यांतून निसटतो, म्हणून हा आकडा वजनाच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येणे स्वाभाविक आहे. तो वजनापेक्षा जास्त आला असता, तर मी काळजी केली असती.

वजनाची पद्धत मुख्य धरा, हायड्रोजनचा आलेख काळाबरोबर दर कसा बदलतो हे दाखवण्यासाठी ठेवा आणि टाफेल केवळ मिश्रधातूंच्या आपसातील तुलनेपुरते वापरा. मात्र वजन घेण्यापूर्वी पृष्ठभागावर बसलेला फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइडचा थर क्रोमिक आम्लाने काढलेला असायला हवा, आणि चाचणीत न बुडवलेले एक सॅम्पल त्याच आम्लात घालून मूळ धातू किती गेला हेही तपासलेले असायला हवे. हे आम्ल षट्‌संयुजी क्रोमियमचे, म्हणजे कर्करोगकारक असल्याने फ्यूम हूडशिवाय, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाशिवाय त्याला हात लावू नका आणि ते सिंकमध्ये ओतू तर मुळीच नका.

खरी गडबड तुमच्या द्रावणात आहे. कोकुबो द्रवात क्लोराइड लिटरमागे सुमारे १४८ मिलिमोल असते, तर रक्तद्रवात १०३. बायकार्बोनेट त्यात ४.२ आणि रक्तद्रवात २७. क्लोराइड संरक्षक हायड्रॉक्साइडचा थर फोडते आणि बायकार्बोनेट कार्बोनेटचा थर बसवायला मदत करते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुमचे द्रावण शरीरापेक्षा कठोर आहे. त्यातच क्षरणातून तयार होणारे हायड्रॉक्साइड आयन ट्रिस सतत खात राहते, त्यामुळे सामू वाढून धातूला जो विसावा मिळाला असता तोही मिळत नाही. हे द्रावण मुळात हाडासारखा थर पृष्ठभागावर बसतो का हे पाहण्यासाठी सिद्ध झाले होते, मॅग्नेशियमचे क्षरण मोजण्यासाठी नव्हे. पेशींचे माध्यम घेऊन पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये हीच चाचणी पुन्हा करा. तिथे सामू बायकार्बोनेटच सांभाळते, जसे शरीरात होते.

पेशीपाळ:

एमटीटीबद्दल सहमार्गदर्शकांचा संशय रास्त आहे. या चाचणीत पिवळ्या टेट्राझोलियम क्षाराचे जिवंत पेशींतील विकरांमुळे क्षपण होऊन जांभळा फॉर्मॅझन तयार होतो आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण मोजले जाते. परंतु क्षरण होणारे मॅग्नेशियम स्वतःच इलेक्ट्रॉन सोडत असते आणि त्याच्याभोवतीचा सामूही चढलेला असतो. अशा स्थितीत पेशी नसल्या तरी रंग जांभळा होऊ शकतो. ही अडचण २०१० च्या सुमारास शोधनिबंधांतून नीट मांडली गेली आहे, तरीही मॅग्नेशियमवर एमटीटी करून शंभराच्या वरची टक्केवारी अभिमानाने छापणारे लेख आजही येतात, याचे मला वाईट वाटते.

उपाय महागडा नाही. पेशी न घालता केवळ मिश्रधातूचा अर्क (मिश्रधातू भिजवून ठेवलेले माध्यम) आणि एमटीटी असा ब्लँक ठेवा. त्याला जांभळा रंग आला, तर आधीचा निकाल बाजूला ठेवण्यास सबळ कारण मिळाले असे समजा. त्यानंतर ज्या चाचणीत क्षपणाचा संबंध नाही अशी एखादी निवडा. नव्याने तयार होणाऱ्या डीएनएमध्ये ब्रोमोडिऑक्सियुरिडिन किती शिरते हे मोजणारी चाचणी किंवा जिवंत पेशी हिरव्या आणि मृत पेशी लाल दाखवणारे रंजन, यांपैकी काहीही चालेल.

आणखी एक गोष्ट. प्रमाणित पद्धतीने काढलेला मॅग्नेशियमचा अर्क जसाच्या तसा पेशींवर घातला, तर नुसत्या वाढलेल्या सामूने आणि क्षारांच्या दाबाने पेशी मरतात. शरीरात रक्तप्रवाह हे आयन वाहून नेतो, म्हणून अर्क सहा ते दहा पट विरळ करून वापरण्याची शिफारस केली जाते. पेशींवरील विषारीपणाच्या चाचणीचे मानक असलेल्या आयएसओ १०९९३-५ प्रमाणे जीवितक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली, तर पदार्थ पेशींना विषारी धरतात. विरळ केलेला आणि न केलेला असे दोन्ही निकाल द्या, म्हणजे आकडे सोयीने निवडल्याचा आरोप कोणी करणार नाही.

वाघोडियारोड:

मी यंत्र अभियंता आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या प्रश्नापुरतेच लिहितो. वर्षाला इतके मिलिमीटर हा क्षरणाचा दर सरासरी असतो आणि स्क्रू सरासरीने तुटत नाही. आट्याच्या मुळाशी जिथे सर्वांत खोल खड्डा पडतो तिथे तो तुटतो. बुडवलेली सॅम्पले ठरावीक आठवड्यांनी बाहेर काढून त्यांची तीन-बिंदू वाकण चाचणी घ्या आणि मूळ ताकदीच्या किती टक्के ताकद उरली याचा आलेख काढा. जमल्यास प्रत्यक्ष स्क्रूवर पिळाची चाचणीही करा, कारण बसवताना स्क्रूवर येणारा भार पिळाचाच असतो. मिश्रधातूतील लोहाचे प्रमाणही तपासून घ्या. शुद्ध मॅग्नेशियममध्ये ते दशलक्षात सुमारे १७० भागांच्या वर गेले, की क्षरण एकदम भडकते, आणि वितळवताना पोलादी मूस वापरली असेल तर लोह तिथूनच आलेले असते.

सुरसागरकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मूस पोलादीच आहे, त्यामुळे लोहाचे विश्लेषण आधी करून घेते. पेशीविरहित ब्लँक आणि माध्यमातील चाचणी यांना सहमार्गदर्शकांनी लगेच मान्यता दिली. मार्गदर्शकांनी मात्र नवी शंका काढली आहे: एवढ्या चाचण्या करण्याऐवजी थेट सशावर प्रयोग करून विषय मिटवावा का? आमच्या महाविद्यालयात प्राणिगृह नाही.

अस्थिशल्य_निवृत्त:

मुली, सशाची घाई करू नकोस. प्राण्यांवरील प्रयोगासाठी नोंदणीकृत संस्था आणि तिच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते. ती तुमच्या महाविद्यालयाला मिळणार नाही, म्हणून वैद्यकीय किंवा औषधनिर्माण महाविद्यालयाबरोबर संयुक्त प्रस्ताव करावा लागेल. ती समिती पहिल्यांदा हेच विचारील, की पेशींवरचे निकाल विश्वासार्ह आहेत का. आज तुझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

तुझ्या डॉक्टरांना काय हवे आहे तेही सांगतो. हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते १८ आठवडे ताकद टिकावी, ही या क्षेत्रातील नेहमीची अपेक्षा आहे. मात्र हाडागणिक ती बदलते. जर्मनीत मॅग्नेशियमचा स्क्रू पायाच्या अंगठ्याच्या वाकडेपणावरील शस्त्रक्रियेत टायटेनियमशी ताडून पाहिला गेला आणि २०१३ मध्ये त्याला युरोपीय मान्यता मिळाली. मांडीच्या हाडाऐवजी अंगठा निवडला गेला, त्याचे कारण मला उघड दिसते: तिथे भार कमी असतो. तेव्हा 'हाडे जोडण्यासाठी स्क्रू' असे मोघम न लिहिता कोणते हाड, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घे. ते ठरले की लागणारी ताकद ठरते, ताकदीवरून आठवडे ठरतात आणि वाघोडियारोड यांनी सांगितलेल्या आलेखावर रेषा कुठे मारायची तेही कळते. वायूचा प्रश्नही त्याच बैठकीत काढ. क्ष-किरण चित्रात स्क्रूभोवती काळी सावली दिसली, की नवखा डॉक्टर जंतुसंसर्ग समजून स्क्रू काढून टाकायला निघतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वायू किती वेगाने सुटतो हे तुझ्या हायड्रोजनच्या आलेखातून त्यांना दाखवता आले पाहिजे.

सुरसागरकाठ:

हाताच्या मनगटातील स्कॅफॉइड हाड धरावे, असे आज डॉक्टरसाहेबांशी बोलून ठरले. वाकण आणि पिळाच्या चाचणीसाठी सॅम्पलचे माप त्याच हाडाच्या स्क्रूप्रमाणे घेणार आहे. माध्यमात दीर्घकाळ सॅम्पल ठेवताना बुरशी किंवा जंतू वाढू नयेत यासाठी प्रतिजैविक घातले तर क्षरणावर परिणाम होतो का, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावे.

ताम्रपट:

घाला, पण सर्व सॅम्पलना आणि ब्लँकलाही सारख्याच प्रमाणात घाला आणि पद्धतीच्या प्रकरणात त्याची नोंद करा. माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि बदलण्यापूर्वी व नंतर सामू लिहून ठेवा. सॅम्पलच्या पृष्ठभागाच्या मानाने द्रावण किती घेतले, हा आकडा शोधनिबंधांत फार वेळा गाळलेला असतो. तो दिला नाही तर तुमच्या दराची तुलना कोणालाच करता येणार नाही.