स्विफ्टचे टायर आणि ब्रेक पॅड: पैसे आधी कशात घालू? (कुंभार्ली घाट, तोंडावर पावसाळा)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, मॅन्युअल. टायर कंपनीतून आलेलेच, १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मिमी, रिम १४ इंची). राहायला कराड, सासर चिपळूण, त्यामुळे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. उन्हाळ्यात काही वाटत नाही, पण पाऊस आणि धुकं सुरू झालं की हेळवाक सोडल्यापासून मी स्टिअरिंगला घट्ट धरून बसते.

तक्रारी दोन आहेत. एक म्हणजे चौघं माणसं आणि डिकीत ज्वारी-गूळ असा भरलेला बोजा घेऊन उतरलं की पोफळीपर्यंत पुढच्या चाकांतून करपट वास येतो. मागच्या खेपेला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. दोनदा पंप केल्यावर वर आलं. खाली थांबून चहा घेऊन निघालो तर पुन्हा ठणठणीत!

दुसरी तक्रार हायवेवरची. उंब्रजच्या अलीकडे, पाऊस चालू, पुढच्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. मीही दाबला. पेडल पायाखाली खडखडलं, गाडी सरळ राहिली, पण थांबायला तिनं इतकी जागा घेतली की टेम्पोच्या मागची अक्षरं अजून डोळ्यासमोर आहेत.

गॅरेजवाले म्हणतात, पुढचे पॅड बदला, त्यातही बाहेरचे मेटॅलिक टाका, टायरला अजून नक्षी आहे, वर्ष निघेल. टायरवाला म्हणतो पॅड चांगले आहेत, त्याच रिमवर १९५ चे रुंद टायर घाला, गाडी रोडला चिकटून चालेल. ज्याचं दुकान त्याचा सल्ला! बजेट साधारण तीस हजार. अ‍ॅव्हरेज फार पडू नये. काय करू?

चाकोरी

ताई, तुमच्या तक्रारी दोन वेगवेगळ्या दुखण्यांच्या आहेत, म्हणून दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर आहेत.

हायवेचं आधी घेऊ. पेडल खडखडलं म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं. एबीएस कधी मध्ये पडतं? ब्रेक चाकाला अडवू शकतोय पण टायर रस्त्याला धरून राहत नाहीये, तेव्हा. म्हणजे तुमच्या पॅडमध्ये त्या क्षणी गरजेपेक्षा जास्तच ताकद होती. तिथे जगातले सर्वात महाग पॅड टाकले असते तरी गाडी एक फूट आधी थांबली नसती. ओल्या रस्त्यावरचं थांबणं हे टायरचं काम.

टायरच्या बाजूला लांबलचक कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी आहे म्हणजे टायर चांगला असं नसतं. रबर वर्षांनी कडक होतं आणि कडक रबर ओल्यात घसरतं. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्यानंही बाद. पण पावसाळ्यात तिथवर थांबू नका, ३ मिमीच्या खाली गेलेला टायर साचलेलं पाणी नीट बाहेर टाकत नाही.

आता घाट. वास पॅडचा आहे, पण पेडल खोल जाणं हे बहुतेक पॅडचं लक्षण नाही. पॅड तापून निकामी झाला तर पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी मात्र ऐकत नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइलला उकळी फुटलेली असते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पंप केल्यावर वर येणं आणि गार झाल्यावर ठणठणीत होणं, सगळं जुळतंय. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

पाना_नंबर_१४

वर लिहिलंय ते बरोबर. मी धंद्यातलाच माणूस, इस्लामपूर साइडला. शंभरातल्या नव्वद गाड्यांचं ब्रेक ऑइल जन्मापासून तेच असतं. कमी झालं की वरून ओततात, झालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलं की १४० वर येतं. डॉट ४ चं २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, चारही चाकांची एअर काढून. टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते बघून भरा. डॉट ५ कुणी दाखवलं तर नको म्हणा, ते सिलिकॉनचं, आपल्या गाड्यांचं नाही.

पॅडबद्दल: मेटॅलिक पॅड तापल्यावर टिकतात हे खरं, पण गार असताना कमी धरतात, आवाज करतात आणि साधी डिस्क लवकर खातात. रेस करणार असाल तर ठीक. घरच्या गाडीला मारुतीचे ओरिजिनल किंवा बॉश, टीव्हीएस गर्लिंग असल्या नावाजलेल्या कंपनीचे पॅड पुरे. मात्र डबा सीलबंद घ्या, डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे.

पॅडपेक्षा मी कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना आधी बघेन. कोकणात जाणाऱ्या गाडीच्या पिना गंजून जाम होतात, मग पॅड डिस्कला घासतच राहतो. वास त्याचाही असू शकतो. घाट उतरून सपाटीला दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता चाला, मग दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम असेल तर त्या बाजूचा कॅलिपर धरतोय. पिना काढून, साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

मागे डिस्क नाही, ड्रम आहेत, तेही उघडून लायनर (आतले घासणारे पट्टे) बघायला सांगा. हँडब्रेक फार वर येत असेल तर मागचं अ‍ॅडजस्टमेंट गेलंय आणि सगळा भार पुढच्यांवर पडतोय. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर कट मारून घेऊ नका, जोडी बदला.

बिनबोभाट

पॅड-बिड ठीक आहे, पण घाट कुठल्या गिअरला उतरता?

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. @बिनबोभाट, चौथ्या, कधी तिसऱ्या. मिस्टर उतारावर न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून.

बाकी बघून आले. टायरवरचे आकडे १४१९. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आहेत. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या एकाही बिलात नाही, टाकीत डोकावलं तर कोरा चहा! पॅड गॅरेजवाल्याच्या मते ४ मिमी उरलेत.

मग आता दोनच टायर घेऊन बाकीचे दिवाळीत घेऊ का? गॅरेजवाले म्हणतात नवे पुढे टाका, इंजिन पुढची चाकं ओढतं. आणि त्या १९५ चं काय?

बिनबोभाट

ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. कुंभार्लीला बहुतेक दुसरा, मध्ये तिसरा. इंजिन गाडी धरतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. साहेबांना सांगा, गिअरमध्ये एक्सलरेटर सोडला की आताच्या गाड्यांत इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. वाचत काहीच नाही, ब्रेक जळतो तो वेगळा.

चाकोरी

१४१९ म्हणजे २०१९ च्या एप्रिलच्या सुरुवातीचे. भेगांसकट. निरोप द्या त्यांना, चारही एकदम.

साइजचा हिशोब: तुमच्या १६५/८० आर१४ चा व्यास साधारण ६२० मिमी. १८५/७० आर१४ चा ६१५. फरक एक टक्क्याच्या आत, स्पीडोमीटर बिघडत नाही, तुमच्या ५ इंची रिमवर व्यवस्थित बसतो आणि वजनही जास्त पेलतो (८५ ऐवजी ८८ चा निर्देशांक, म्हणजे चाकामागे ५१५ ऐवजी ५६० किलो). १९५/६५ ला मात्र किमान साडेपाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की कडा आत ओढल्या जातात, वळणावर टायर लोळतो.

तरी खरं सांगू? मी १६५ च घेतले असते. रुंद टायर ओल्यात जास्त धरतो हा गैरसमज आहे, साचलेल्या पाण्यावर तो उलट लवकर तरंगतो. पकड रबराच्या दर्जातून आणि नक्षीतून येते. शिवाय स्टिअरिंग हलकं राहील, अ‍ॅव्हरेज पडणार नाही. मोठंच हवं असेल तर वरच्या झेडएक्सआय स्विफ्टची १८५/६५ आर१५, पण त्याला रिमही घ्यावी लागेल. मारुतीनं त्याच मॉडेलला दिलेली साइज असल्यानं इन्शुरन्सवाल्याशी वाद होण्याचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मन मानेल तसे बदल करता येत नाहीत.

पाना_नंबर_१४

१८५/७० ला मी हरकत घेणार नाही, खड्ड्यात रिम वाचते. बाकी चाकोरींशी सहमत.

दोनच टायर घेणार असाल तर मात्र नवे मागे.

घाटवाटे

मागे कसे काय? स्टिअरिंग पुढं, इंजिन पुढं, ब्रेकचा जोर पुढं, आणि नवे टायर मागं? आमच्याकडे सगळे पुढेच टाकतात.

पाना_नंबर_१४

सगळे टाकतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, एक्सलरेटर सोडला की वेग उतरतो आणि बहुतेक वेळा पुन्हा धरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं माझ्याही हातात नाही. घाटात कठडा किती लांब असतो ते तुम्हाला माहीत आहे. टायर कंपन्याही हेच सांगतात.

घाटवाटे

हं. पटतंय, पण आमच्या टायरवाल्याला पटवणं अवघड आहे.

कोयनाकाठ

ठरलं. चारही टायर १६५/८० च, नव्या व्हॉल्व्हसकट, अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून एकवीस हजार सांगितलेत. पुढचे पॅड ओरिजिनल, ब्रेक ऑइल पूर्ण बदल, पिनांना ग्रीस, मागचे ड्रम उघडून सफाई. सगळं बजेटमध्ये बसतंय आणि पैसे उरतायत. डावीकडचा कॅलिपर खरंच धरत होता, त्या बाजूची एक पिन ठोकून काढावी लागली.

मिस्टरांना न्यूट्रलचा परिच्छेद वाचून दाखवला. "बघू" म्हणाले.

शेवटचा प्रश्न: काम शनिवारी संपेल. रविवारी लगेच चिपळूणला जाऊ का?

पाना_नंबर_१४

नको. टायर साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीत थर वर असतो, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून. पॅडही डिस्कवर बसवावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबानं उतरवायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. आठवडाभर कराड-पाटण-मलकापूर करा, मग पुन्हा चाकांचे नट टाइट करून घ्या आणि स्टेपनीची हवा बघा. ती टायरवाल्यानं तपासली नसणार, पैज लावतो.

कोयनाकाठ

स्टेपनीत हवा नव्हतीच.