मदत हवी आहे : गोवा ते मुंबई, शिडाच्या बोटीने घरी परत

आम्ही दोघं नवराबायको जानेवारीत आमची २८ फुटी शिडाची बोट पणजीहून मुंबईला घरी आणतोय. अंतर दोनशे सागरी मैलांहून जास्त, हातात आठ-नऊ दिवस. दुपारनंतर वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो, म्हणून पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर निघायचं आणि दुपारपर्यंत नांगर टाकायचा, असं ठरवलंय. रात्री चालवणार नाही, अंधारात मासेमारीची जाळी दिसत नाहीत. (येताना एकदा जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं होतं, तासभर पाण्यात उतरून कापत बसलो. हिची बोलणी अजून चालू आहेत!)

मुक्काम मालवण, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, मुरूड असे धरलेत. विजयदुर्गला वाघोटन खाडीत आडोसा मिळतो, तिथली काळजी नाही. खरी धास्ती दाभोळची. आमच्या बोटीला दीड मीटर पाणी लागतं आणि तिथे वाशिष्ठी नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. निम्म्या भरतीला आत शिरता येईल का, की पूर्ण भरतीच गाठावी? मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांतून वाट दाखवायला कुणी स्थानिक तांडेल (बोट चालवणारा) येईल का? आणि जयगडला डिझेल धक्क्यावर मिळतं, की कॅन घेऊन गावात जावं लागतं?

हल्लीच गेलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.