कैथीसारखं एका रात्रीतलं शूट आपल्याकडं जमंल का?

औशाचं_पोरगं
राम राम मंडळी. आमी चार-पाच पोरं मिळून एक शॉर्ट फिल्म करूलालाव, वीसेक मिनिटाची. गोष्ट एकाच रातीची हाय, उसाचा ट्रॅक्टर फडातून निघतो ते कारखान्याच्या गेटापर्यंत, अन मधी ड्रायव्हरच्या मागं काही लोकं लागतेत. आता खरं सांगायचं तर हे कैथी बघूनच डोक्यात आलंय, कार्तीचा तमिळ पिक्चर, २०१९ चा. प्रश्न असा की तो अख्खा पिक्चर अंधारातला हाय तरी तोंडं दिसतेत, मारामारी कळते, कोण कुणाला हाणायलंय ते समजतं. आमी मोबाईलवर टेस्ट घेतली तर नुसता काळा पडदा अन वर मुंग्या. ते दिवसा शूट करून नंतर रात्र करतेत का? अन गाणं नाय, हिरोईन नाय, तरी माणूस जागचा हलत नाय हे कसं काय जमवलं? बजेट विचारू नका, लाज वाटंल.

गोदाकाठचा
नांदेडकर हजर. भाऊ, ते दिवसाची रात्र वगैरे काही नाय, शूटिंगच रात्री-रात्री चाललेलं. कॅमेरा सत्यन सूर्यनचा, ज्यानं कार्तीचाच तीरन केला होता २०१७ ला. परत एकदा बघ अन फक्त लाईट कुठून येतोय तेवढंच बघ. लॉरीचे हेडलाईट, मागून येणाऱ्या गाड्यांचे लाईट, पोलीस कार्यालयातल्या ट्यूब. उजेडाला गोष्टीतच कारण असतं म्हणून डोळ्याला खटकत नाय, अन लाईट बहुतेक वेळा माणसाच्या मागून किंवा बाजूनं असतो, समोरून थोबाडावर मारला की लग्नाचा व्हिडिओ होतो.

पण मला विचारशील तर लाईटपेक्षा कागदावरचं काम जास्त भारी हाय. डायरेक्टर लोकेश कनगराजचा तो दुसराच पिक्चर, पहिला मानगरम, २०१७ चा. हा आधी नट मन्सूर अली खानला डोक्यात ठेवून लिहिला होता असं त्यानंच सांगितलंय, म्हणजे मुळात एवढा मोठ्या हिरोचा मामलाच नव्हता, कार्ती आल्यावर पसारा वाढला. आता कारणं बघ कशी बसवलीत. पार्टीत दारूतून गुंगीचं औषध दिल्यानं सगळे पोलीस अधिकारी आडवे, मग त्यातला बिजॉय कसा वाचला? तर तो औषधं घेत होता म्हणून प्यायला नाय. मग आडव्या पडलेल्यांना दवाखान्यात न्यायची लॉरी त्यानंच का चालवली नाय? तर त्याच्या हाताला मार लागलेला. लॉरी आली कुठून? पार्टीचं जेवण आणलेल्या केटरिंगवाल्याची, म्हणून तो पोरगाबी सोबत. दहा वर्ष जेल काढून आलेला दिल्ली नावाचा माणूस, म्हणजे कार्ती, ज्यानं पोरीचं तोंडबी बघितलेलं नाय, तो लॉरी चालवायला तयार होतो ते पोरीला भेटता यावं म्हणून. एकबी गोष्ट आभाळातून पडत नाय.

अन त्याचा भूतकाळ आठव, फ्लॅशबॅक दाखवलेलाच नाय. तो गाडीत बसून नुसता सांगतो अन कॅमेरा त्याच्या तोंडावर. दुसरा कुणी असता तर तिथं गाणं, लग्न, गाव, सगळं घुसवलं असतं. पैसा वाचला तो वाचला, वर रात्रबी तुटली नाय. हिंदीत अजय देवगणनं भोला केला २०२३ ला, स्वतःच डायरेक्ट केला, त्यात गाणी आली अन माझ्यासाठी तिथंच हवा गेली.

डबल_ट्रॉली
गोदाकाठचे भाऊ, शेवटी ती फिरती मशीनगन काढतो ते बी कारणात बसतं का 😄 मला तर पिक्चरमधी खरा हिरो तो नेपोलियन हवालदार वाटला, जॉर्ज मरियन. नवीन बदलून आलेला साधा म्हातारा, कॉलेजची पोरं घेऊन अख्खं त्रिचीचं कमिशनर ऑफिस सांभाळतो. इकडं लॉरी पळायली, तिकडं गुंडांपुढं ऑफिसचा दरवाजा फुटायला आलाय. हे दोन्हीकडं उड्या मारणं नसतं तर अडीच तास नुसती लॉरी कोण बघंल?

औशाच्या भावा, तुला पिक्चरचं नाय ट्रॅक्टरचं सांगतो, कारण मी सीझनला हेच करतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या रिव्हर्स होत नसतात. तू 'परत एकदा घ्या' म्हणलास की ड्रायव्हरला पुढं कुठंतरी जागा बघून वळवून आणावं लागंल अन दुसऱ्या टेकलाच तो तुला शिव्या घालंल. त्यामुळं पळतीचे शॉट एकाच दिशेनं लाव, क्रमानं. अन चालू रस्त्यावर अजिबात करू नको, फडाच्या आतल्या वाटंवर कर. मागं रेडियम लाव, रातचे लोकं उसाच्या ट्रॉलीत घुसून मरायलेत.

परभणीची_कॅमेरावाली
मी लग्नाचे शूट करते, त्यामुळं वरचा टोमणा ऐकून घेतला 🙏 आता कामाचं सांगते. मोबाईल ठेव बाजूला, कुणाचा तरी कॅमेरा अन ५० एमएमची १.८ लेन्स माग, ती कमी उजेडातबी चालते, लग्नवाल्या कुणाकडंबी भेटंल. शटर ५० वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेव, नाहीतर ट्यूब अन स्वस्तातले एलईडी फडफड करतेत अन ते नंतर एडिटिंगमधी निघत नाय. लांबचे शॉट, म्हणजे फड, रस्ता, आभाळ, हे दिवेलागणीला उरकून घे, सूर्य बुडाल्यावर जो अर्धा तास निळा उजेड राहतो ना त्यात, आभाळ काळं पडायच्या आत. जवळचे शॉट रात्री. ट्रॅक्टरच्या मागं थोडा धूर कर, पाचट पेटवून नको, फडाला आग लागंल, धुराची मशीन डीजेवाल्याकडं असते. धुरात हेडलाईटचा झोत दिसतो अन मागचा माणूस आपोआप सुटा दिसतो. डिसेंबरात दव पडतं, लेन्स पुसायला कोरडं फडकं जवळ ठेवायचं.

औशाचं_पोरगं
लई धन्यवाद सगळ्यांना, ताई तुमचं तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलं. ड्रायव्हरला मागं लोकं का लागतेत याचं कारण आमच्याकडं अजून ढिलंच हाय, ते आता आधी बसवताव. डबल ट्रॉली भाऊ एकच विचारतो, ट्रॉल्या रिकाम्या ठेवून वरून नुसता उसाचा थर दिला तर चालंल का?

डबल_ट्रॉली
नाय चालणार. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उडते अन खडखड वाजते, आपल्याकडचं लहान लेकरूबी ओळखंल. एकच ट्रॉली घे, अर्धी भर, अन तोडणीवाल्या टोळीला दोन दिवस आधी सांगून ठेव.