नवा पीसी जोडला, पण डिस्प्ले येत नाही : आपापले अनुभव लिहा

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातून भाग आणून घरीच पीसी जोडायचा, ही मुंबईतली जुनी हौस. सगळं जोडून बटण दाबावं तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर मात्र कोरा. मग कुणीतरी सांगतं, "बोर्ड गेला, बदलून आणा." बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, खरंच गेलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. नव्या जोडणीत बहुतेकदा काहीतरी अर्धवट बसलेलं असतं, नाहीतर दोन भागांचं आपसात जमत नसतं. धडधाकट बोर्ड घेऊन ग्रँट रोडपर्यंत हेलपाटा कुणाला पडू नये, म्हणून हा धागा.

लिहिताना वर आपलं ठिकाण टाका आणि आधी लक्षण नेमकं सांगा. वीजच येत नाही, वीज येते पण डिस्प्ले नाही, डिस्प्ले येतो पण विंडोज सुरू होत नाही, ही तीन वेगळी दुखणी आहेत. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. त्यातला कोणता जळत राहतो ते जरूर लिहा.

सुरुवात माझ्याकडून. पुतण्याच्या मशीनचे पंखे जोरात फिरत होते, डिस्प्ले नाही. २४ पिनांची मोठी केबल घट्ट बसली होती, पण प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची केबल कॅबिनेटच्या मागे तशीच लोंबत होती. तिची जागा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या आड असते, पटकन दिसत नाही. पंखे त्या केबलशिवायही फिरतात, म्हणून सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. ग्राफिक कार्डाची केबलही ८ पिनांचीच, पण ती ६ आणि २ अशी सुटते, प्रोसेसरची ४ आणि ४. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवू नका.

मुलुंड
रायझेन ७६०० आणि डीडीआर५ रॅम. पहिल्यांदा चालू केल्यावर डीरॅमचा दिवा जळतच राहिला, पडदा काळा. मी बटणाकडे हात नेला तर दादा म्हणाला, "हात लावू नकोस, पंधरा मिनिटं तसाच राहू दे." त्याचं बरोबर होतं. एएम५ (या रायझेनचं सॉकेट) बोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात बरीच मिनिटं जाऊ शकतात. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. सीमॉस क्लिअर केल्यावरही, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्ज पुसून मूळपदावर आणल्यावरही, असंच होतं. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, बहुतेक मॅन्युअलं हेच सांगतात.

गिरगाव
मुलाचा प्रोसेसर आय५ १२४००एफ. नावातल्या त्या 'एफ'चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक नाही. एचडीएमआय केबल बोर्डाच्या पोर्टात होती, ती खाली ग्राफिक कार्डात लावली आणि डिस्प्ले आला.

चेंबूर
माझं प्रकरण वेगळं, कारण जोडणीत काहीच चुकलं नव्हतं. रायझेनसाठीचे बी४५० बोर्ड २०१८ साली आले, रायझेन ५६०० आला २०२२ मध्ये. दुकानातला बोर्ड जुन्या स्टॉकमधला, त्यातल्या बायोसला (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामला) हा प्रोसेसर माहीतच नव्हता. सुदैवाने बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं, बटण होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव देऊन, ठरलेल्या यूएसबी पोर्टात लावली आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावला नाही. हे चालू असताना वीज गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएसवर करावं. बटण नसेल तर दुकानदाराकडे जुना रायझेन लावून अपडेट करून मागा. तो आपला हक्कच आहे असं मी मानते.

दादर
मी दुरुस्तीचं काम करते. माझी पद्धत एकच : बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. त्यावर प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तरच कार्ड. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडायच्या. बाहेर चालला आणि आत बंद पडला, तर दोष कॅबिनेटमध्ये. मोठ्या बोर्डासाठी लावलेला पितळी स्टड (बोर्ड ज्यावर टेकवून स्क्रू लावतात तो) छोट्या बोर्डाखाली तसाच राहतो, भोक नसलेल्या जागी पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. बाहेरही चालला नाही, तर एकेका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. रॅम जुन्या मशीनमधली असेल तर आपल्या दमट हवेत तिचे पाय (कडेचे धातूचे संपर्क) काळवंडलेले असतात, पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा. आणि एक कळकळीची विनंती : जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली नव्या एसएमपीएसला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. जळलेल्या डिस्क घेऊन रडवेली आलेली मुलं मी पाहिली आहेत.

बोरिवली
डिस्प्ले येतो, बायोसमध्ये एसएसडी दिसते, पण विंडोज टाकताना डिस्कच्या यादीत काहीच नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू असेल तर असं होतं. इंटेलचा डिस्कसाठीचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) नको असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी चालतं, मात्र विंडोज टाकण्याआधी.

परळ
माझं अजून सुटलेलं नाही. दोन सेकंद चालू, मग बंद, परत आपोआप चालू. एकही दिवा धड लागत नाही. दादरच्या ताईंनी सांगितलं तसं बोर्ड खोक्यावर ठेवला तर व्यवस्थित चालतो.

दादर
म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस चौघंही ठीक. आधी स्टड मोजा. ते बरोबर असतील तर बोर्ड आत बसवून पुढच्या पॅनेलच्या सगळ्या केबली काढून ठेवा, यूएसबी ३ची जाड केबल विशेष करून. तिच्या हेडरची (बोर्डावर ती जिथे बसते त्या जागेची) पिन वाकून शेजारच्या पिनेला टेकते.

परळ
तीच होती ताई. केबल काढल्याबरोबर डिस्प्ले आला. पिन सुईने सरळ करू का?

दादर
करा, पण आधी भिंतीतला प्लग काढा आणि बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. पिन मुळापासून हलत असेल तर तिच्या नादी लागू नका. मागची यूएसबी पोर्ट पुरेशी आहेत.