फेब्रुवारीत दिल्ली: संसद, राष्ट्रपती भवन आणि इतर सरकारी वास्तू पाहण्यासाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आई, बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी असे चौघे जण साताऱ्याहून दिल्लीला जाण्याच्या विचारात आहोत. कुतुबमिनार आणि लाल किल्ला आई-बाबांनी पूर्वी शाळेच्या सहलीबरोबर पाहिले आहेत, त्यामुळे या वेळी राज्यकारभाराशी संबंधित वास्तूच पाहायच्या असे ठरले आहे. याचे कारण बाबा. ते माध्यमिक शाळेत ३१ वर्षे नागरिकशास्त्र शिकवत होते. फळ्यावर संसदेचा गोल काढायचा, मध्ये मध्यवर्ती सभागृह आणि भोवती तीन दालने दाखवायची, हे त्यांनी इतक्या वेळा केले आहे की आजही ते डोळे मिटून ती आकृती काढतील. मात्र त्या इमारतीच्या आत त्यांनी आजवर एकदाही पाऊल ठेवलेले नाही.

बाबांचे वय ७२ आहे, गुडघे दुखतात आणि सलग अर्ध्या तासाहून अधिक चालणे त्यांना जमत नाही. शनिवारी दुपारी पोहोचून मंगळवारी रात्री परतीची गाडी धरावी, असा तूर्तास बेत आहे. संसदेचे कामकाज पाहण्यासाठी नेमके काय करावे लागते, राष्ट्रपती भवन आतून पाहता येते का आणि एवढ्या दिवसांत काय घ्यावे, काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यमुनातीरी

तिकिटे काढली नसतील तर सर्वप्रथम तारखा बदला. तुमच्या चार दिवसांच्या मधोमध सोमवार येतो, आणि सोमवारी या गावात पाहण्यासारखे जवळपास सगळे बंद असते: राष्ट्रपती भवनाचे संग्रहालय, अमृत उद्यान, तीन मूर्तींचे पंतप्रधान संग्रहालय, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, लाल किल्लासुद्धा. मी बावीस वर्षे दिल्लीत राहतो आणि सोमवारी सकाळी बंद फाटकासमोर उभे राहून मला फोन करणारे पाहुणे दरवर्षी निदान एकदा तरी भेटतात. बुधवारी सकाळी पोहोचून रविवारी रात्री निघा.

दुसरे म्हणजे पंधरवडा नीट निवडा. अमृत उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला मुघल गार्डन म्हणत ते, साधारणपणे फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडते आणि मार्चअखेरपर्यंत खुले असते. प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवलेली बरी, कारण शनिवार-रविवारच्या वेळा भराभर संपतात. बागेचा प्रवेश नॉर्थ ॲव्हेन्यूकडच्या ३५ क्रमांकाच्या फाटकातून असतो. मुख्य फाटकाशी रिक्षा सोडून तिथून विचारत विचारत चालत येणारे लोक मी पाहिले आहेत. तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांना ते परवडणारे नाही, तेव्हा रिक्षावाल्याला फाटकाचा क्रमांकच सांगा.

राष्ट्रपती भवनाची मुख्य इमारत आतून पाहता येते. मात्र हे आरक्षण वेगळे असते, त्याला नाममात्र शुल्क पडते आणि येताना मूळ ओळखपत्र जवळ लागते. इमारतीत ३४० खोल्या आहेत, पण आपल्याला त्यांतल्या मोजक्याच दाखवतात आणि त्या पुरेशा आहेत. ज्याला आपण दरबार हॉल म्हणून ओळखत होतो त्याचे नाव २०२४ पासून गणतंत्र मंडप झाले आहे, अशोक हॉलला अशोक मंडप म्हणतात. मार्गदर्शक नवी नावे घेतो आणि आपल्या पिढीची माणसे क्षणभर गोंधळतात. शनिवारी सकाळी पुढच्या प्रांगणात रक्षकबदलाचा सोहळा असतो. १७७३ मध्ये उभारलेल्या अंगरक्षक दलाचे घोडेस्वार त्यात असतात, आणि मुलीला सगळ्या सहलीत बहुधा हेच लक्षात राहील. त्याचेही आरक्षण करावे लागते. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, तेव्हा ती संकेतस्थळावरच पाहा.

निवृत्त_बाबू

यमुनातीरी यांनी पंधरवड्याचा मुद्दा काढला आहे, तो संसदेच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा आहे. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या अखेरीस सुरू होते, १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो आणि साधारण महिन्याच्या मध्यावर सभागृहांना सुटी लागते, ती थेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर उद्यान फुललेले दिसेल आणि सभागृह मात्र रिकामे असेल. दुसरा आठवडा धरलात तर दोन्ही साधते. शनिवार-रविवारी सभागृहे सहसा बसत नाहीत, त्यामुळे संसदेसाठी तुमच्याकडे गुरुवार आणि शुक्रवार हेच दोन दिवस राहतात. बुधवार प्रवासाच्या शिणवट्यासाठी सोडा. फेब्रुवारीतही उत्तरेकडे धुके असते आणि गाडी चार-पाच तास उशिरा आली तर नवल मानू नका.

प्रेक्षक सज्जाचा पास खासदाराच्या शिफारशीने मिळतो. खासदार तुमच्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असे बंधन नाही, पण अर्जदाराला आपण व्यक्तिशः ओळखतो असे त्याला लिहून द्यावे लागते, त्यामुळे ओळखीचा मार्ग सहसा गावाकडूनच निघतो. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोघांनी लोकसभेच्या सज्जातून सभागृहात उड्या मारल्या, तेव्हापासून पासांच्या बाबतीत कमालीची कडक तपासणी सुरू झाली. पूर्वी दिल्लीत येऊन आदल्या दिवशी खासदारांच्या बंगल्यावर गेले तरी काम होत असे. आता त्या भरवशावर राहू नका. निदान तीन आठवडे आधी खासदारांच्या स्वीय सहायकांशी बोला, सध्याची पद्धत त्यांच्याकडून समजून घ्या आणि अर्ज लेखी द्या. फोनवर 'होऊन जाईल' असे सांगितले गेले म्हणजे झाले असे समजू नये, हे मी सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढल्यावर सांगतो आहे.

पासावर साधारण तासाभराची वेळ असते, म्हणून ती विचारपूर्वक मागा. लोकसभेत ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो, तर राज्यसभेत ११ वाजता शून्य प्रहर आणि १२ वाजता प्रश्नोत्तरे होतात. नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने प्रश्नोत्तराचा तासच पाहावा. मंत्री उत्तर देतो, सदस्य पूरक प्रश्न विचारतो, अध्यक्ष मध्येच थांबवतात, हे सारे पाठ्यपुस्तकात जसे लिहिले आहे तसे घडताना त्या एका तासातच दिसते. अर्थात गदारोळ झाला तर दहाव्या मिनिटाला कामकाज तहकूब होऊन तुम्ही बाहेर असाल. त्याला इलाज नाही.

एक अडचण आहे. दहा वर्षांखालील मुलांना सज्जात प्रवेश नसतो, तेव्हा मुलीची वेगळी व्यवस्था करावी लागेल. मोबाइल, पिशवी, पुस्तक यांपैकी काहीही आत नेता येत नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तारखा बुधवार ते रविवार अशा केल्या. मुलीबाबतचा नियम मला मुळीच ठाऊक नव्हता. बाबांना संसदेत पाठवून आई आणि मुलगी त्या वेळी जवळपास काय पाहू शकतील?

आणखी एक शंका विचारतो, हसू नये. बाबांच्या मनात आहे ती गोल इमारत. कामकाज आता नव्या इमारतीत चालते, मग त्यांना गोल इमारत पाहायला मिळणारच नाही का?

निवृत्त_बाबू

हसण्यासारखे त्यात काही नाही. माझेही तसेच होते. १८ जानेवारी १९२७ रोजी उद्घाटन झालेली ती १४४ खांबांची इमारत आता संविधान सदन या नावाने उभी आहे आणि सप्टेंबर २०२३ पासून दोन्ही सभागृहे शेजारच्या त्रिकोणी इमारतीत बसतात. जुनी वास्तू रस्त्यावरून, कुंपणाबाहेरून नीट दिसते. बाबांना तिथे पाच मिनिटे उभे करा आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक झाली ते मध्यवर्ती सभागृह याच्या मधोमध आहे, हे त्यांनाच नातीला सांगू द्या. नव्या इमारतीत लोकसभेची ८८८ आणि राज्यसभेची ३८४ आसने आहेत. लोकसभेची सजावट मोराच्या कल्पनेवर आणि राज्यसभेची कमळाच्या कल्पनेवर केली आहे. तिथले सागवान आपल्या नागपूरकडून आलेले आहे, हेही बाबांच्या कानावर घाला.

आई आणि मुलगी यांच्यासाठी तीन मूर्तींचे पंतप्रधान संग्रहालय योग्य ठरेल. नेहरूंचे निवासस्थान आणि त्यामागची नवी इमारत मिळून ते झाले आहे. पडद्यांवरचे खेळ इतके आहेत की मुलगी तीन तास बाहेर पडणार नाही. मला स्वतःला त्या झगमगाटापेक्षा नेहरूंची अभ्यासिकाच अधिक आवडते, पण मत माझे आहे आणि सहल तुमची.

माहेर_कोरेगाव

राष्ट्रीय समर स्मारकाचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, म्हणून लिहिते. इंडिया गेटच्या मागे २०१९ पासून हे स्मारक आहे, प्रवेशाला तिकीट नाही, आणि सातारा जिल्ह्यातल्या माणसाने ते चुकवू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी एकात एक चार वर्तुळे आहेत. त्याग चक्राच्या भिंतींवर एकेका जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची एकेक वीट बसवलेली आहे आणि अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. माझा सर्वांत धाकटा मामा १९७१ च्या लढाईत गेला. तिथल्या डिजिटल पडद्यावर नाव घालून आम्ही भिंत शोधली, तर वीट नेमकी आईच्या खांद्याच्या उंचीवर होती. आईने आधी पदराने ती पुसली. पुसण्यासारखे तिच्यावर काहीही नव्हते.

संध्याकाळीच जा, कारण रोज सूर्यास्ताच्या सुमारास एका हुतात्म्याच्या घरच्या माणसाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. ते पदक घडवण्यासाठी रेखाटले सावित्रीबाई खानोलकरांनी, म्हणजे एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या युरोपीय बाईंनी, हे नातीला आजोबांकडून ऐकायला मिळाले तर तिला ते पुतळे वेगळे दिसतील.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी आम्हाला महागात पडली. एका ठिकाणी ऑनलाइन आरक्षण करताना मी यजमानांचे नाव आपल्या सवयीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे भरले. त्यांच्या आधार कार्डावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते. फाटकावरच्या जवानाने दोन्ही कागद शांतपणे शेजारी ठेवले, बोट फिरवले आणि आम्हाला बाजूला उभे केले. वरिष्ठ येईपर्यंत पाऊण तास गेला आणि आमची वेळ टळली. त्याची चूक नव्हती. तेव्हा प्रत्येक अर्जात कार्डावर जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव लिहा.

यमुनातीरी

वरील सूचना सोन्यासारखी आहे. आता क्रम सुचवतो, पण त्याआधी चालण्याविषयी. राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंतचे अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे आणि सपाट, रुंद रस्त्यामुळे ते फसवे वाटते. बाबांना ते चालवू नका. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकापासून विजय चौकापर्यंत हळूहळू जा आणि एक गंमत त्यांना अवश्य दाखवा. चौकाकडे येताना समोर राष्ट्रपती भवन दिसत असते, पण जसजसे चढाच्या पायथ्याशी यावे तसतशी इमारत खाली जाऊ लागते आणि शेवटी नुसता घुमट उरतो. दोन्ही बाजूंची सचिवालये हर्बर्ट बेकरने बांधली आणि भवन ल्युटेन्सने. हा चढ आपली इमारत गिळतो, हे ल्युटेन्सच्या उशिरा ध्यानात आले आणि त्यावरून दोघा जुन्या मित्रांचे कायमचे बिनसले. उतार काही बदलला नाही. इतकी मोठी राजधानी आखणाऱ्यांकडून अशी चूक होते, हे पाहून मला दर वेळी बरे वाटते.

गुरुवारी सकाळी संसद ठेवा, म्हणजे काही बिघडले तर शुक्रवार हाताशी राहतो. दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी समर स्मारक. शुक्रवारी राष्ट्रपती भवनाची मुख्य इमारत आणि लगेच नंतरच्या वेळेचे अमृत उद्यान घ्या. शनिवारी सकाळी रक्षकबदल. बाकीचा दिवस २६ अलीपूर रोडसाठी ठेवा. बाबासाहेब शेवटी राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे त्यांचे निधन झाले, त्या जागी आता उघड्या पुस्तकाच्या आकाराचे स्मारक आहे. दिल्लीला येणारी मराठी माणसे ते का चुकवतात हे मला कळत नाही. सर्वोच्च न्यायालय वेळ उरला तर बाहेरूनच पाहा. तराजूच्या आकाराची ती इमारत गणेश भिकाजी देवळालीकरांनी आखली आहे, एवढे सांगून पुढे चला. आत जाण्याची परवानगी आणखी वेगळी असते आणि तुमच्याकडे आधीच तीन आरक्षणे झाली आहेत.

जेवणासाठी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचे उपाहारगृह इंडिया गेटपासून जवळ आहे. तिसऱ्या दिवशी आईंना भाकरीची आठवण येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. राष्ट्रपती भवन आणि रक्षकबदल यांचे आरक्षण ज्या दिवशी खुले होईल, त्या दिवसाची नोंद करून ठेवली आहे. खासदारांच्या कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज दिला आणि गुरुवारचा प्रश्नोत्तराचा तास मागितला आहे. स्वीय सहायकांनी बाबांच्या आधार कार्डाची प्रत मागितली, म्हणून काल पहिल्यांदाच ते कार्ड नीट वाचले. त्यावर बाबांचे नाव बरोबर आहे, पण आजोबांच्या नावात एक अक्षर जास्त पडले आहे आणि ३१ वर्षे मुलांच्या वह्यांतले शुद्धलेखन तपासणाऱ्या बाबांनी आजवर ते पाहिलेच नव्हते. अर्जावर अक्षर जास्त घालावे की कार्ड दुरुस्त करावे, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत. बाबा दुरुस्तीच्या पक्षात आहेत, त्यामुळे सोमवारी आधार केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहतो.